पहिली-दुसरीच्या मुलांची यादी ऑफिसात देण्याआधी

प्रति,
कोल्हापूर शहर व जिल्ह्यातील प्राथमिक शाळांचे संस्थाचालक, मुख्याध्यापक आणि पहिली-दुसरीचे वर्गशिक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्याकडच्या काही शाळांत पहिली-दुसरीच्या वर्गात एक तक्ता भरून घेतला जातो. डावीकडे अठरा वाक्यं असतात. 'समोर उभं राहून बोललं तरी ऐकत नाही असं वाटतं', 'जागेवर बसून राहत नाही', 'वस्तू हरवतो', 'प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देतो', अशी. उजवीकडे चार रकाने: अजिबात नाही, थोडं, बरंच, खूप. बाईंनी किंवा सरांनी एकेका मुलासाठी खुणा करायच्या, शून्य ते तीन गुण धरून बेरीज करायची आणि ठरावीक आकड्याच्या वर गेलेल्यांची यादी ऑफिसात द्यायची. मग पालकांना बोलावणं जातं.

मी कोल्हापुरातच प्राथमिक शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. असं बोलावणं आलेले आईबाप तो कागद घेऊन माझ्याकडे येतात. कागदावर मुलाचं नाव, बेरीज आणि 'एडीएचडीची शक्यता, तज्ज्ञांना दाखवावे' एवढंच असतं. (एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं, अति चंचलपणा आणि उतावळेपणा यांची अडचण.) कुठल्या तज्ज्ञांना दाखवायचं, तिथे काय तपासतील आणि तोवर शाळा त्या मुलासाठी काय करणार, याबद्दल अवाक्षर नाही. म्हणून हे पत्र. तक्ता भरायला माझी हरकत नाही. पण त्यातून नावांची यादी काढू नका. काढायचीच असेल, तर यादीतल्या प्रत्येक मुलासाठी पुढचं काम आधी ठरवा आणि मगच पेन उचला.

हे वाचून कुणी 'बघा, बाईसुद्धा म्हणतात हे सगळं थोतांड आहे' असं म्हणणार असेल तर थांबा. एडीएचडी खरा आहे. तो लाडाने होत नाही आणि छडीने जात नाही. जगभरातले अभ्यास एकत्र करून पाहिले तर मुलांमध्ये त्याचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास येतं, म्हणजे चाळीसच्या वर्गात दोन मुलं. 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं' म्हणणाऱ्या आजोबांच्या वर्गातही ती दोन मुलं होती. चौथीनंतर ती शाळेतून गळाली, कुणी गवंड्याच्या हाताखाली गेलं, कुणी हॉटेलात कपबशा विसळायला लागलं, आणि त्यांची मोजदाद कुणी ठेवली नाही. 'मोबाइल दिला तर दोन तास हलत नाही, मग लक्ष नाही कसं म्हणता?' हा पालकांचा नेहमीचा प्रश्न. क्षणाक्षणाला नवं काही दाखवणाऱ्या पडद्यावर डोळे खिळणं वेगळं आणि हातच्याची वजाबाकी शेवटपर्यंत नेणं वेगळं. पहिलं जमतं म्हणून दुसऱ्यातली अडचण खोटी ठरत नाही.

शिक्षकाच्या नजरेची किंमतही मी जाणते. आईला घरातली एक-दोन मुलं दिसतात. डॉक्टरांना शांत खोलीत पंधरा मिनिटं एकच मूल दिसतं, आणि अनोळखी जागी बुजलेलं मूल बहुधा शहाण्यासारखं बसतं. एकाच वयाची चाळीस मुलं शेजारीशेजारी, रोज, वर्षभर बघणारा माणूस वर्गातच असतो. म्हणून तर निदान करताना डॉक्टर शाळेचं म्हणणं मागतात. पण ते शाळेचं म्हणणं मागतात, निकाल नव्हे.

आता थोडं गणित करू. समजा जिल्ह्यातल्या एक हजार मुलांचे तक्ते भरले. त्यातल्या पन्नास मुलांना खरोखर ही अडचण आहे. तक्ता चांगला आहे असं धरू: खऱ्या शंभरांतली ऐंशी मुलं पकडतो आणि अडचण नसलेल्या शंभरांतल्या नव्वदांना बरोबर सोडून देतो. म्हणजे पन्नासांतली चाळीस सापडली. उरलेल्या साडेनऊशेपैकी दहा टक्के, म्हणजे पंच्याण्णव मुलंही यादीत आली. यादी झाली एकशे पस्तीस नावांची आणि त्यात खरी चाळीस. दहा घरी बोलावणं गेलं तर त्यातल्या सात घरी ते विनाकारण गेलं, आणि ज्या दहा मुलांना खरी गरज होती ती यादीत आलीच नाहीत. यात शिक्षकाची काही चूक नाही. शंभरात पाचांनाच असलेली गोष्ट शोधायला गेलं की आकडे असेच पडतात. पहिल्या चाळणीनंतर दुसरी बारीक चाळणी लागते ती याचसाठी, आणि आपल्याकडे नेमकी ती दुसरीच नसते.

त्या सात घरांत कुठली मुलं असतात? सगळ्यांत आधी, वर्गातली सर्वांत लहान मुलं.

आपल्या राज्यात पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे डिसेंबरात जन्मलेलं मूल जूनमध्ये पहिलीच्या बाकावर बसतं तेव्हा जेमतेम साडेपाच वर्षांचं असतं. त्याच बाकावर त्याच वर्षीच्या जानेवारीतलं मूल असेल तर ते जवळपास अकरा महिन्यांनी मोठं. साडेपाच वर्षांच्या जिवाला अकरा महिने म्हणजे आयुष्याचा सहावा हिस्सा झाला. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातही सीमारेषा ३१ डिसेंबरचीच आहे. तिथल्या नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्गातल्या जानेवारीच्या मुलांशी तुलना केली तर डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांना एडीएचडीचं निदान मिळण्याची शक्यता ३० टक्क्यांनी जास्त होती आणि मुलींना ७० टक्क्यांनी. औषध सुरू होण्याची शक्यता अनुक्रमे ४१ आणि ७७ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेत ज्या राज्यांत प्रवेशाची तारीख १ सप्टेंबर आहे तिथे ऑगस्टच्या मुलांबाबत असंच आढळलं, २०१८ च्या अभ्यासात. डिसेंबरात जन्म घेतल्याने मेंदूत बिघाड होत नाही. लहान मूल मोठ्यांच्या शेजारी बसवलं की ते चंचल दिसतं, एवढंच.

म्हणून माझी पहिली मागणी अगदी बिनखर्चाची आहे. तक्त्यावर बेरजेच्या शेजारी जन्ममहिना लिहा. यादी तयार झाली की ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरची मुलं किती आहेत ते मोजा. (जन्मतारीख खरी आहे ना, तेही बघा. आमच्या पिढीत निम्म्या वर्गाचा वाढदिवस १ जूनला असायचा, कारण गुरुजींनीच तारीख लावलेली. आता जन्मदाखले आहेत, पण ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर फिरणाऱ्या मुलांच्या बाबतीत अजूनही अंदाजपंचेच असतं.)

आणि टोळ्यांचा विषय निघालाच आहे तर तिथेच थोडं थांबते. दिवाळीच्या आसपास कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि बीडकडून, मराठवाड्यातून ऊसतोडीची कुटुंबं आपल्या जिल्ह्यात येतात. वर्ष अर्धं झाल्यावर एखादं मूल वर्गात येऊन बसतं. आईबाप पहाटे अंधारात फडात जातात, खोपटात धाकट्या भावंडाला सांभाळायचं काम याच्याकडे. ते मूल दुपारच्या खिचडीनंतर बाकावर डोकं टेकतं. तक्त्यात त्याच्या नावापुढे 'काम पूर्ण करत नाही: खूप'. इचलकरंजीत मागाच्या खडखडाटाला लागून असलेल्या एका खोलीत झोपणारं मूल, ज्याचा बाप रात्रपाळी करून सकाळी येतो, त्याच्या नावापुढेही तेच. शिरोळ, गडहिंग्लजकडे घरात कन्नड बोलणारी मुलं मराठी शाळेत येतात. पहिले काही महिने बाईंची निम्मी वाक्यं त्यांच्या डोक्यावरून जातात आणि त्यांच्यापुढे 'सांगितलेलं ऐकत नाही' अशी खूण होते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर नदीकाठच्या गावांतली मुलं आभाळ भरून आलं की खिडकीकडे बघत बसायची, दचकायची, आणि फळ्यावर काय चाललंय त्याचा त्यांना पत्ता नसायचा. तक्त्याला यातलं काही विचारता येत नाही. त्याला दिसतं ते वागणं, आणि निरनिराळ्या कारणांनी मुलं अगदी सारखी वागतात.

शरीराच्या तक्रारींचंही तसंच. कान वाहणारी मुलं आपल्या वर्गांत कमी नाहीत. ज्याला एका कानाने नीट ऐकू येत नाही ते मूल मागच्या बाकावरून 'ऐकत नाही' असंच दिसणार. ज्याला फळा धूसर दिसतो ते शेजाऱ्याच्या वहीत डोकावणार आणि त्यावरून भांडण होणार. तोंड उघडं टाकून श्वास घेणारं, रात्री घोरणारं मूल, ज्याच्या नाकामागच्या गाठी वाढल्यात, ते दिवसा चिडचिडं आणि अस्वस्थ असतं, कारण त्याची झोपच होत नाही. रक्त कमी असेल तर लक्ष टिकत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला होता. हीच मुलं पुढे तुमच्या पहिलीत येतात. आणि एक गोष्ट शिक्षकांनी आवर्जून लक्षात ठेवावी. मूल बोलता बोलता काही सेकंद शून्यात बघतं, हाक मारली तरी भानावर येत नाही, मग काही झालंच नाही अशा थाटात पुढचं वाक्य बोलतं, आणि असं दिवसातून अनेकदा होतं. हा फिट्सचा एक प्रकार असू शकतो. त्याचं औषध वेगळं आणि त्यात उशीर परवडत नाही. तक्त्यात मात्र तोही 'लक्ष नाही' याच रकान्यात जाऊन बसतो.

राहिला माणसाचा स्वभाव. शिक्षकही माणूसच. उलट उत्तर देणाऱ्या पोरावर आपण सगळ्याच रकान्यांत 'खूप' मारतो, हे वर्गात वर्षं काढलेली कुठलीही बाई मान्य करेल. यावर एक नेटका प्रयोगही झालेला आहे. शिक्षकांना मुलांच्या चित्रफिती दाखवल्या. एका फितीतलं मूल नुसतं हट्टी आणि उद्धट होतं, चंचल अजिबात नव्हतं. तरी शिक्षकांनी त्याला चंचलपणाचेही भरपूर गुण दिले. उलटं मात्र झालं नाही. चंचल पण आज्ञाधारक मुलाला कुणी उद्धट ठरवलं नाही. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास वाचून मला हसू आलं, कारण स्टाफरूममध्ये हेच रोज चालायचं.

आणि मुली? खिडकीशी बसून स्वप्नात हरवलेली, वही अर्धी सोडणारी, पण कुणाला त्रास न देणारी मुलगी यादीत येतच नाही. 'गुणी आहे, जरा मंद आहे' म्हणून तिला पुढे ढकललं जातं. वर म्हटलेल्या न सापडलेल्या दहांमध्ये अशा मुली बऱ्याच असतात. तक्ता भरताना गडबड करणाऱ्यांचं आधी बघून झालं की एकदा मुद्दाम शांत मुलांच्या नावांवरून बोट फिरवा.

निदानासाठी जे निकष जगभर वापरले जातात, ते एकट्या शाळेच्या म्हणण्यावर समाधान मानत नाहीत. लक्ष नसणं किंवा चंचलपणा, यांतल्या एका गटातल्या नऊपैकी किमान सहा लक्षणं, सहा महिने टिकलेली, वयाच्या मानाने जास्त, बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसणारी, आणि मुलाचं त्यामुळे खरोखर अडणारी. घर आणि शाळा यांचं एकमत किती होतं हे १९८७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं. पूर्ण जुळणी म्हणजे १ धरली तर पालक आणि शिक्षक यांच्या मतांची जुळणी ०.३ च्याही किंचित खालीच निघाली. यात कुणी खोटं बोलत नसतं. मूल दोन ठिकाणी दोन तऱ्हेने वागतं. मग फक्त एका ठिकाणच्या कागदावर कुणाच्या पोराला 'शक्यता' चिकटवायची, हे कुठल्या हिशेबात बसतं?

नावं काढून फायदा होतो का, हा प्रश्न इंग्लंडमध्ये विचारून झालेला आहे. तिथे १९९० च्या दशकात दोन हजारांवर शाळांमध्ये शाळेच्या पहिल्या वर्षातल्या मुलांचे असेच तक्ते शिक्षकांकडून भरून घेतले. काही शाळांना चंचल मुलांची नावं कळवली, काहींना अशा मुलांना कसं शिकवावं याची पुस्तिका दिली, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. पुस्तिका मिळालेल्या शाळांत मुलांच्या वागण्यात थोडी सुधारणा दिसली. नुसती नावं कळवण्याचा उपयोग दिसला नाही. मुलं दहा वर्षांची झाल्यावर पुन्हा पाहिलं तेव्हा यातल्या कशाचाच टिकाऊ फायदा सापडला नाही. थोडा का होईना, उपयोग झाला तो शिकवण्याच्या रीतीचा. आपण मात्र नेमकी नावं काढायला निघालोय आणि पुस्तिकेचा पत्ता नाही.

अशा पुस्तिकेत असतं ते काही गुपित नाही. एका वेळी एकच सूचना, छोटी, मुलाच्या जवळ जाऊन. दाराखिडकीपासून लांब, बाईंच्या टेबलाजवळचा बाक. वीस गणितांऐवजी पाच-पाचचे चार तुकडे, प्रत्येक तुकड्यानंतर उठून दाखवायला येण्याची मुभा. वह्या वाटणं, खडू आणणं, हजेरीपट ऑफिसात नेणं ही कामं त्या वळवळ्या पोरालाच द्यायची. चुकल्यावर ओरडण्यापेक्षा नीट केल्यावर तिथल्या तिथे शाबासकी. आणि रोजची चिठ्ठी. दोन-तीनच ओळी: 'वही वेळेवर काढली', 'हात वर करून बोलला'. दिवसाखेरी बाईंनी खूण करायची, घरी आईने ती बघून त्याला ठरलेलं छोटंसं काही द्यायचं, आवडीची गोष्ट नाहीतर रंकाळ्यावर एक चक्कर. या चिठ्ठीच्या उपयोगाला संशोधनाचा चांगला आधार आहे. शिवाय हे सगळं निदानाशिवाय करता येतं, आणि ज्याला एडीएचडी नाही त्याचंही यात काही बिघडत नाही. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी तर अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचीही शिफारस हीच आहे की आधी पालकांना मूल हाताळण्याचं प्रशिक्षण द्या, औषधाचं नंतर बघा.

वर्गशिक्षकांनो, तुमच्यावर आधीच काय काय लादलंय ते मला माहीत आहे. पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, मतदार याद्या, आणि त्यात हा तक्ता. एका दुपारी चाळीस मुलांच्या सातशे वीस खुणा करायला बसवलं तर विसाव्या मुलानंतर हात आपोआप 'थोडं'वर जातो. म्हणून मुख्याध्यापकांना सांगते, तक्ता पहिल्या सत्रात नकोच. शिक्षकाला मुलं ओळखायला किमान काही महिने द्या, एका दिवशी पाच-सहा मुलांपेक्षा जास्त नकोत, आणि ज्यांचे गुण जास्त आले त्यांचा तक्ता महिन्या-दीड महिन्याने पुन्हा भरा. जमलं तर दुसऱ्या शिक्षकांकडून. यातच बरीच नावं गळतील.

उरलेल्यांसाठी आधी कान, डोळे, रक्त, झोप. त्यासाठी वेगळा खर्च नको. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याचं पथक वर्षातून एकदा शाळेत येणं अपेक्षित आहे, आणि दृष्टी, श्रवण, रक्तक्षय, इतकंच काय एडीएचडीसुद्धा त्यांच्या तपासणीच्या यादीत आहे. पथक आलं की मुलांना रांगेत उभं करून वजन-उंची लिहून घेतात आणि गाडी पुढच्या शाळेला जाते. त्या दिवशी वर्गशिक्षिकेने आपली चार मुलं पथकातल्या डॉक्टरांपुढे स्वतः नेऊन उभी करावीत, काय दिसतं ते तोंडी सांगावं आणि पुढची चिठ्ठी हातात घ्यावी. पुढे सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, जायचं तर पालकाची एक दिवसाची मजुरी बुडते. तेव्हा कुठल्या दिवशी, कुठल्या विभागात, कुणाला भेटायचं हे शाळेने आधी फोन करून विचारून ठेवावं. 'तज्ज्ञांना दाखवावे' हे वाक्य लिहिणाऱ्याची एवढी तरी जबाबदारी आहे. तपासणीनंतर पुढे उपचाराची सोय नसेल तर तपासणी करू नये, हे तत्त्व जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालात १९६८ सालीच मांडलेलं आहे.

संस्थाचालकांशी थोडं वेगळं बोलायचं आहे. एका शाळेने, नाव घेत नाही, दुसरीतल्या मुलाच्या आईला हा कागद देऊन सांगितलं, 'याला झेपेल अशी दुसरी शाळा बघा.' शिक्षण हक्क कायद्याच्या सोळाव्या कलमाने प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि तेराव्या कलमाने प्रवेशाच्या वेळी मुलाची किंवा पालकाची चाळणी लावता येत नाही. आईने स्वतःहून दाखला मागितला असं लिहून घेतल्याने त्यात काही फरक पडत नाही. ज्या गावात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड लावला, त्या गावात आता शाळाच मूल नको म्हणायला लागली तर दंड कुणाला लावायचा?

तेव्हा तक्ता भरण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या. तो कशासाठी आहे हे पालकसभेत मराठीत नीट समजावून सांगा. यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. हे सांगावं लागतंय, कारण तसं झालेलं मी पाहिलंय. भरलेला तक्ता प्रगतिपुस्तकाला किंवा दाखल्याला जोडू नका. तो मुलाबरोबर पुढच्या इयत्तेत जाता कामा नये, कारण तिसरीच्या बाईंनी जूनच्या पहिल्याच दिवशी यादी वाचून वर्गात पाऊल टाकलं तर त्या मुलाला नवं वर्ष मिळतच नाही. या वर्षी भरून ठेवलेले तक्ते कपाटात असतील, तर एप्रिलचे निकाल लागण्याआधी ते त्या त्या पालकांना परत द्या.

रोजच्या चिठ्ठीचा नमुना मी मराठीत करून ठेवला आहे. ज्या शाळेला हवा असेल तिने सांगावं. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी येईन आणि पहिली-दुसरीच्या शिक्षकांबरोबर बसून तो कसा वापरायचा ते दाखवीन. मानधन नको, फक्त मुख्याध्यापकांनी स्वतः हजर राहावं.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
कोल्हापूर